बाळारामदादांचं पिवळं रेडियम

बाळाराम देसले गेले तेव्हा मुरबाडच्या नाक्यावर त्यांचा दहा फुटी बॅनर लागला. ‘शांत, संयमी व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.’ मी भाजीची पिशवी हातात घेऊन त्या बॅनरसमोर उभी राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शांत? संयमी? ज्या माणसाचा आवाज चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत ऐकू यायचा, तो मनमिळाऊ? बॅनरचं फ्लेक्स इतकं पातळ की मागच्या विजेच्या खांबाची सावली दादांच्या कपाळावरून आरपार दिसत होती. आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून जे चार फोटो हात जोडून उभे होते, त्यात दुसरा फोटो एका सरकारी ठेकेदाराचा होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तालुक्यात त्याचं नाव पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे.

म्हशाहून सिद्धगडाच्या पायथ्याकडे जो रस्ता जातो, त्यावर अकरा वाकडी वळणं आहेत. त्या वळणांवरच्या अकरा पिवळ्या पाट्यांवर दिव्याचा उजेड पडला की त्या चमकाव्यात, एवढंच या माणसाला शेवटच्या हिवाळ्यात हवं होतं. म्हशाची जत्रा भरायच्या आत. ते त्याला सरळ हाताने करू दिलं गेलं नाही, आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून लिहायला बसले.

मी खर्डीची. लग्न होऊन मुरबाडला आले आणि नऊ वर्षं दादांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसले. मी अक्षरं जुळवायची, मशीनवर कापायची. दादा ती लावायचे. पाट्या, गाड्या, काचा, दवाखाने, पिठाच्या गिरण्या. आमच्याकडे या सगळ्या चिकटणाऱ्या कागदाला ‘रेडियम’ म्हणतात. रोल कुठलाही असो, गिऱ्हाईक आत येतं आणि म्हणतं, “रेडियम मारून द्या.” या एका वाक्यावर दादांचं पित्त खवळायचं.

“कंचा रेडियम?” दादा विचारायचे. “उन्हात लावाचा की सावलीत? पत्र्यावर की काचंवर? किती वर्सं टिकाया पायजे?”

या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते भाव सांगत नसत. गिऱ्हाइकाला भाव आधी हवा असायचा. मग भांडण. एकदा एक टेम्पोवाला वैशाखातल्या भर दुपारी आला, बोनेटवर कुलदेवतेचं नाव टाकायचं होतं. दादांनी बोनेटला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला. “गाडी त्या जांभळीखाली लाव. दोन तास थांब.” त्याला भिवंडीला जायचं होतं. तो म्हणाला, दुसरा दुकानदार पाच मिनिटांत लावतो. “मग तिकडं जा! तो लावंल आनि पंध्रा दिसांनी देवीच्या नावाचा तुकडा-तुकडा रस्त्यात पडंल. त्यावर गाड्या जातील. पाप तुला, मना नाय.” टेम्पोवाला निमूटपणे जांभळीखाली गेला. दोन तासांनी दादांनी त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली, पण देतानाही चेहरा असा की त्याने ती घाईघाईने संपवली.

त्यांच्या रागाचं मला पहिल्यांदा जे दर्शन घडलं ते पाण्यावरून. मोठं स्टिकर काचेवर किंवा पत्र्यावर लावताना खाली पाणी फवारतात. म्हणजे ते लगेच चिकटत नाही, सरकवून सरळ करता येतं, मग पट्टीने पाणी बाहेर काढायचं. त्या पाण्यात थेंबभर साबण लागतो. पहिल्याच आठवड्यात मी बाटली भरली, बोअरच्या नळाला लावून, आणि भांडी घासायच्या साबणाचा चमचा ओतला. दादांनी बाटलीतलं पाणी दोन बोटांत घेतलं, चोळलं, हुंगलं, आणि सगळी बाटली दारात रिकामी केली.

“भांडी घासाची हायत का गो इथं? इतका साबन घातलंस तर गोंद धरंल कशाला? आनि बोअरचा पानी! वाळला का अक्षराखाली पांढरा धप्प. दवाखान्याच्या काचंला कोड फुटल्यासारखा दिसंल.”

मी रडले. नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरासमोर स्कूटर थांबवून उभे. माफी वगैरे काही नाही. गाळलेल्या पाण्याचा कॅन पायाशी ठेवलेला. “हा पानी. एक लिटरला दोन थेंब, लहान पोरांचा शाम्पू. चल, टाइम झाला.” मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा, काम कसं करायचं हे मला त्याआधी कुणी एवढं मनापासून सांगितलं नव्हतं म्हणून.

नवा रोल आला की सगळे त्याचा रंग बघतात. दादा आधी तो उलटा करायचे. मागचा कागद, गोंदाचा थर, कागद सोलताना येणारा आवाज. “तोंड काय बघतंस? पाठ बघ,” हे त्यांचं ठरलेलं. स्वस्तातला रोल उन्हात आक्रसतो, कडेला गोंदाची काळी रेघ उरते. चांगला ओढून बसवलेला असतो तिथेच राहतो. हे सगळं त्यांना बोटांनी कळायचं. नववी नापास माणूस. परदेशी कंपनीच्या रोलवरची बारीक छपाई चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेऊन वाचायचा आणि न कळलेला शब्द मला विचारताना रागवायचा, जणू तो शब्द मीच अवघड केला होता.

आधी ते ब्रशने पाट्या रंगवायचे. त्यावरून कोणी हळवं झालेलं त्यांना अजिबात खपत नसे. शहापूरचे एक गुरुजी एकदा म्हणाले, “बाळाराम, हाताच्या अक्षराची सर या मशीनला नाही.” दादा उसळले. “हातानं लिवलेली घान मी ढिगानं बगितलीय, गुरुजी. माजीच बगितलीय.” आणि त्याच महिन्यात एका उपकेंद्राच्या चुन्याच्या भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक लावायची ऑर्डर आली, तेव्हा त्यांनी भिंतीवरून नख फिरवलं, नखात चुना आला, तसं डॉक्टरीणबाईंना सांगितलं की इथे रेडियम टिकणार नाही. बाई म्हणाल्या, मंजूर रेडियमच आहे. दादांनी दोन दिवस बसून ब्रशने लिहिलं आणि बिलावर ‘रंगकाम’ असंच लिहायला लावलं. बाईंना वर चार पत्रं पाठवावी लागली. ते वेळापत्रक अजून वाचता येतं.

आता त्या पाट्यांचं.

आमच्याकडे भातकापणी लागली की दुकानं अर्धी बंद. मालक शेतावर, कामगार शेतावर, गिऱ्हाईकही शेतावर. दादा पाच दिवस झोडणीला गेले होते. दुकानात मी एकटी, आणि माझ्याही सासरच्या खळ्यावर भात पडलेलं, सासूचे सकाळपासून दोन फोन. तशात तो ठेकेदार आला. अकरा पत्रे आणि स्वतःचा रोल घेऊन. “सरकारी काम आहे, वहिनी. वळणाच्या पाट्या. पिवळ्यावर काळा बाण. रोल चमकणारा आहे, मी स्वतः आणलाय.”

वळणाच्या पाटीला जे पिवळं लागतं ते वेगळं. दिवसा ते आणि साधं पिवळं शेजारी ठेवलं तर सारखंच दिसेल. अंधार पडला आणि गाडीचा दिवा त्यावर आला की खऱ्या पिवळ्यातून उजेड परत चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. साध्यातून काही येत नाही. पाटी तिथे आहे हेच कळत नाही. याची परीक्षा दादांकडे ठरलेली होती. डोक्यावरून घोंगडी घ्यायची, रोल आत ओढायचा, बॅटरी कानशिलाला लावून पेटवायची. खरं असेल तर डोळे दिपतात. भर दुपारी दुकानात घोंगडीखाली बसलेला माणूस बघून लोक हसायचे. पण एकही रोल त्या घोंगडीखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे.

मी ठेकेदाराचा रोल तसाच चढवला. मागच्या कागदावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी छापलेली होती, खऱ्यावर असते तशीच. घोंगडी खुंटीवर होती. चार पावलांवर. मला खळ्यावर जायचं होतं. मी अकरा बाण कापले, अकरा पत्र्यांवर सगळं चिकटवलं आणि चार वाजता शटर ओढलं.

दादांना ते कळलं मार्गशीर्ष लागताना. म्हशाच्या जत्रेसाठी सिद्धगडाकडच्या दुकानदारांच्या पाट्यांची मापं घेऊन ते दिवेलागणीला स्कूटरवरून परत येत होते. सहाव्या वळणाला समोर काहीच दिसलं नाही म्हणून सरळ गेले आणि मोरीच्या कठड्याशी टायर थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी आणि बॅटरी घेऊन ते त्या रस्त्याला लागले. अकराही पाट्यांसमोर, रस्त्यात, डोक्यावरून घोंगडी ओढून उभे. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी व्हिडिओ काढले. दुपारी दुकानात आले ते स्टुलावर बसलेच नाहीत.

“साधा पिवळा हाय. अकराच्या अकरा. लोकांना मारतील ही मानसं.”

रेडियम कुणी लावलं हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मॉनिटरकडे बघत राहिले. या गोष्टीत मला सर्वांत जास्त राग कुणाचा येत असेल तर तो त्या दुपारच्या स्वतःचाच येतो.

ते ठेकेदाराकडे गेले. तो म्हणाला, “बाळारामशेठ, पिवळं आहे ना? दिसतंय ना?” ते बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबाने फाइल उघडून फोटो दाखवले, सगळे दुपारी बाराचे, लख्ख उन्हातले. “हे बघा, किती स्पष्ट दिसतंय.”

“दिवसा दिसतंय तो मना नका सांगू!” दादा ओरडले. “दिवसा लोकांना डोलं हायत. रात्री काय दिसतंय तो बोला. या माज्यासंगती सांच्याला.”

कार्यालय संध्याकाळी बंद असतं, असं उत्तर मिळालं. शिपायाने दादांना दंडाला धरून बाहेर आणलं. साठीच्या माणसाला, ज्याने त्या कार्यालयाच्या दारावरची नावंसुद्धा लावली होती.

मग दादांनी स्वतःचा रोल मागवला, खरा. आम्ही दोघं दोन दिवस त्या रस्त्यावर होतो. या चमकणाऱ्या कागदाला पाण्याचा थेंब चालत नाही, कडेतून पाणी शिरलं की आतून काळा पडतो; तो कोरडाच लावायचा, मधून बाहेर, हातभर-हातभर दाबत. दादांनी अकरा पाट्या अशा लावल्या की पत्रा जन्मला तेव्हापासून पिवळा असावा. दुसऱ्या दिवशी सूर्य गेल्यावर त्यांनी मला स्कूटरचा दिवा लावायला सांगितलं. लांबवरचं वळण पिवळंधमक पेटलं. “आता कसा,” ते म्हणाले. नऊ वर्षांत मी त्यांना फार थोड्या वेळा हसताना पाहिलं, त्यातली ही एक. तेव्हाही मी बोलले नाही.

आठ दिवसांनी कार्यालयातून कागद आला. सरकारी मालमत्तेत खोडसाळपणे फेरफार. बोलावणं. मी सोबत गेले. ठेकेदार खुर्चीवर बसलेला, दादा उभे. साहेबाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला: सात दिवसांत पाट्या पूर्ववत करीन, पुन्हा हात लावणार नाही. नाहीतर गुन्हा.

“सही नाय करनार,” दादा म्हणाले. “कोर्टात चला. न्यायाधीशाला घोंगडीखाली घालतो.”

ठेकेदार हसला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, “कोर्टात गेलो तर हेही निघेल की माल कुठे कापला, कुणी लावला. तुमच्याच दुकानात. विचारा, कुणी लावला ते.”

दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “इच्यारायचा काय? दुकान माजा. मीच लावला,” ते म्हणाले, पेन उचललं आणि सही केली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. माझ्या बाणाचं टोक त्यांना दहा पावलांवरून ओळखता यायचं, ते पाट्यांसमोर उभे राहिले तेव्हाच त्यांनी ओळखलं असणार. बाहेर आल्यावर मी रडत म्हणाले, “दादा, माझी चूक झाली.” ते स्कूटरला किक मारत राहिले, ती सुरू होईना. “झाली तं झाली. आता बस मागं.” एवढंच. दोन थेंबांऐवजी चमचाभर साबण घातला म्हणून रस्ता दणाणून सोडणारा माणूस, या चुकीवर एक शब्द बोलला नाही. त्यांनी मला तेव्हा शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ठेकेदाराने आपला उरलेला रोल दुकानात पाठवून दिला. मी पुन्हा अकरा बाण कापले. आम्ही पुन्हा त्या रस्त्याला लागलो.

चमकणारा कागद एकदा धरला की सलग निघत नाही. कपच्या उडतात. दादांनी गरम हवेचं मशीन, पाती, नखं, सगळं वापरून पहिली पाटी खरवडली. मग दुसरी. आपलंच काम, आणि ते सुटत नव्हतं. दुपारपर्यंत त्यांच्या दोन बोटांतून रक्त यायला लागलं. त्या दोन्ही पाट्यांवर त्यांनी ठेकेदाराचं साधं पिवळं लावलं, आणि लावलं तेही एक बुडबुडा न ठेवता. वाईट लावणं त्यांच्या हाताला येतच नव्हतं.

तिसऱ्या वळणाला वरच्या पाड्यावरची मंजुळामावशी मोळी घेऊन चालली होती. ती थांबली. “दादा, चांगला लावलंव तो काडताव कशाला? आमची पोरा कारखान्यातना याच रस्त्याना येतान.”

“सही केलीय, मावशे.”

“सहीला काय दिसतंय रात्रीचा?” ती म्हणाली. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

दादा पाटीखाली मातीत बसले. मग अचानक म्हणाले, “मावशे, पाड्यावर दुकान हाय ना? शाम्पूच्या पुड्या असतील?” मावशी गोंधळली. मी पाड्यावर गेले आणि दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या जातींच्या पुड्या घेऊन आले. दादांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक पुडी उलटी करून वाचली. ज्यांत केस मऊ करायचं तेलकट औषध असतं, त्या वेगळ्या काढल्या. असल्या शाम्पूने गोंद मरतो. म्हणून तर ते लहान पोरांचा शाम्पू मागवायचे.

त्यांनी एका लिटरला सहा पुड्या फोडल्या. खालचं खरं पिवळं खरवडलंच नाही. त्याच्या कडा घट्ट बसलेल्या, पाणी आत शिरणार नव्हतं; त्यावर ते बुळबुळीत पाणी फवारलं, वरून ठेकेदाराचा कागद पसरला, आणि पाणी पुरतं बाहेर न काढता नुसती वरवर पट्टी फिरवली. लांबून नीटनेटकं. दुपारी बाराच्या फोटोत झकास येईल असं. आणि आठ-दहा दिवसांचं ऊन-वारं लागलं की साल निघावी तसं गळून पडेल असं.

मला हसू फुटलं. दादा गर्रकन वळले. “हसतंस काय गो? मजा हाय का ही? चाळीस वर्सांत मुद्दाम वाईट काम केला नाय मी. या भिकारड्यांनी करायला लावला.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला ते दिसू नये म्हणून आणखी जोरात ओरडत होते. उरलेल्या आठ पाट्या त्यांनी तशाच केल्या, प्रत्येकीसमोर शिव्या देत.

साहेब येऊन फोटो काढून गेला. पूर्ववत, असा शेरा मारून गेला. पौषातलं वारं सुटलं, आणि एकेक करत नऊ पाट्यांवरचं ठेकेदाराचं पिवळं रस्त्याकडेच्या कारवीच्या झुडपांत जाऊन अडकलं. खालचं दादांचं पिवळं उघडं पडलं.

पण पहिल्या दोन पाट्या खरवडून झाल्या होत्या. त्यांच्यासाठी रोल उरला नव्हता. दादांनी नवा मागवला, रोज व्यापाऱ्याला फोन करून त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो म्हणायचा, पाठवतो, पाठवतो. जत्रा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला, म्हशाहून दोन घोंगड्या विकत घेऊन निघालेलं एक जोडपं मोटरसायकलवरून दुसऱ्या वळणाला सरळ गेलं. नवरा खरचटण्यावर सुटला. बाई वाचली, तिचा डावा पाय वाचला नाही. चोवीस वर्षांची.

रोल त्याच संध्याकाळच्या टेम्पोने आला होता. सकाळी मी दुकान उघडलं तर दादा तो मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. ते ओरडले नाहीत. मला त्या सकाळी त्यांची भीती वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्या वळणावर गर्दी होती. पंचनामा चाललेला. पोलिसांची जीप, पाच-पन्नास जत्रेकरू, आणि तो ठेकेदार, पांढऱ्या कपड्यांत, लोकांना सांगत होता की हल्ली पोरं गाड्या कशा बेफाम हाकतात. दादा त्याच्या बाजूने सरळ चालत गेले आणि पाटीवर तळवा ठेवला. पौषातली सकाळ, पत्रा गार होता. गार पत्र्याला गोंद नीट धरत नाही. तेव्हा ते थांबले. इतका संताप पोटात घेऊन, सगळ्यांसमोर, पत्र्यावर हात ठेवून, ऊन चढायची वाट बघत उभे राहिले. ठेकेदार म्हणाला, “ओ, हात लावायचा नाही असं लिहून दिलंय तुम्ही.” दादांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पाऊण तासाने त्यांनी मान हलवली. मी कागद सोलला. त्यांनी मधून सुरुवात केली, कोरडा, हातभर-हातभर. ठेकेदाराने हवालदाराच्या कानात काही सांगितलं. हवालदार पुढे आला, म्हणाला, काका, बंद करा. दादा थांबले नाहीत. मग दोघांनी त्यांना दोन्ही दंडांना धरलं आणि जीपकडे नेलं. अर्धा कागद पाटीवर, अर्धा माझ्या हातात.

तेव्हा माझ्या तोंडून एकदाचं निघालं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ह्यांचा काय संबंध? आधीचं खोटं पिवळं मी लावलं! या माणसाने आणून दिलं आणि मी न बघता लावलं. माझं नाव लिहा. लिहा ना!”

ठेकेदाराचा चेहरा उतरला. लोक माझ्याकडे बघायला लागले. हवालदाराने वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही.

त्यानंतर दादा दुकानात आले नाहीत. दुपारी सोडलं त्यांना, पण रात्री साखर एकदम चढली आणि मुलगी त्यांना बदलापूरला घेऊन गेली. पावसाळ्यात तिथेच वारले. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले आणि गेले नाही. म्हणून मला त्यांचं शेवटचं दिसणं म्हणजे ती जीप. मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये बसलेले, चष्मा कपाळावर, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मी तिथे तशीच उभी, लोकांकडे तोंड करून, अजून काहीतरी सांगत होते. आणि जीप सुरू होता होता त्यांनी मागच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि माझ्यावर असे खेकसले की जत्रेला निघालेले बैल बिचकले.

“बोलतंस काय गो नुसती! हात चालव! वारा शिरतोय खाली. कड दाब, कड!”

मी वळले आणि कड दाबायला लागले.